शेततळ्यांची चूक आणि शब्बीरसाहेब

शब्बीरसाहेबांची आणि माझी पहिली भेट म्हणजे पहिल्याच दिवशी घडलेली पायपीट. भूमच्या आमच्या पतसंस्थेत मी कारकून म्हणून रुजू झालो, तेव्हा साहेब व्यवस्थापक होते. त्यांनी मला टेबल दाखवण्याऐवजी एसटीत बसवले. कर्ज मागणाऱ्याच्या शेतात पोचल्यावर पिशवीतल्या डब्याखालून गाठी मारलेली दोरी काढली, टोकाला दगड बांधला आणि विहिरीत सोडली. "सातबारा कुणीबी आणून देतंय, माने. पाणी किती हाय, ते हितंच कळतंय," ते म्हणाले. माझे नवे बूट चिखलात गेले होते. खरे सांगतो, मला त्यांचा रागच आला.

पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात साहेबांच्या शिस्तीबद्दल आणि सचोटीबद्दल इतर मंडळी लिहितीलच. मला त्यांच्या चुकीबद्दल लिहायचे आहे. संपादकांनी तो भाग गाळावा असे सुचवले. साहेबांना विचारले, तर म्हणाले, "तेवढंच लिवा. बाकीचं सगळेच लिवतेत."

निवृत्तीनंतर साहेब संस्थेचे अध्यक्ष झाले. तोवर पावसाचा काही नेम राहिला नव्हता. एका दिवसात कोसळायचा आणि मग महिना-दीड महिना तोंड दाखवायचा नाही. ट्रॅक्टरला कर्ज द्यायला सगळे तयार, पाणी अडवायला कोणी नाही. हवामान बदलले तर पैसा गुंतवायची रीतही बदलली पाहिजे, जमीन-पाणी टिकले तरच ठेवीदार टिकतील, असे साहेब प्रत्येक सभेत सांगत. आम्ही माना डोलवत असू आणि चहा पीत असू. त्यांनी मात्र वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, आणि अखेर मुंबईच्या एका हरित निधीने शेततळ्यांसाठी आमच्यामार्फत स्वस्त कर्ज देण्याचे कबूल केले. अट एवढीच, की तळी लवकर व्हावीत आणि प्रत्येकाचा फोटो यावा. त्या घाईत साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदाच शेतावर न जाता कर्जे मंजूर केली.

शेततळे असते पावसाचे वाहून जाणारे पाणी धरण्यासाठी. आमच्या शहाण्या बागाईतदारांनी तळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि बोअर चालू करून ती भरून घेतली. जमिनीतले पाणी वर काढून उन्हात वाळत घातले म्हणा ना! फोटो मात्र देखणे आले. निधीच्या अहवालावर आमचे तळे झळकले, आम्ही पेढे वाटले. ज्या गावात सर्वांत जास्त तळी झाली, त्या गावाचा पिण्याच्या पाण्याचा आड तिसऱ्या उन्हाळ्यात आटला.

त्या गावच्या लक्ष्मीबाई नावाच्या शेतमजूर बाई रिकामी घागर घेऊन थेट संस्थेत आल्या. "साहेब, तळी त्येंच्या रानात झाली, अन् पाणी आमच्या आडाचं गेलं. आमाला तर रानच न्हाय. म्या कुठं जावं?"

साहेब त्याच आठवड्यात ग्रामसभेत उभे राहिले. "चूक माझी हाय. मी न बघता पैसा दिला," एवढेच बोलले. निधीलाही तसेच कळवले: नवी तळी थांबवा, उरलेला पैसा ओढ्यावरच्या बांधांना द्या, त्याचे पाणी साऱ्या गावात मुरेल. उत्तर आले की तळ्यांचे काम समाधानकारक आहे, आणि बांधाची परतफेड करणार कोण? पुढचा हप्ता थांबला. साहेबांनी आपल्या हाताने संस्थेच्या पायावर धोंडा पाडला, असे म्हणत संचालकांनी त्यांचा राजीनामा मागितला. मीही निवृत्त होऊन संचालक झालो होतो. हात वर करणाऱ्यांत मी होतो.

पुढे चार महिन्यांनी माझ्या पत्नीचे धाराशिवला ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात साहेब दिसले, हातात भाकरी-पिठल्याचा डबा. मी राजीनाम्याच्या त्या सभेचा विषय काढू लागलो. "राहू द्या. आधी जेवा," ते म्हणाले आणि मी जेवेपर्यंत बसून राहिले.

आज त्या गावाला टँकर येतो. साहेबांनी बांधांसाठी नवा प्रस्ताव आणला आहे. संस्थेच्याच ठेवींतला थोडा भाग द्यावा, गावाने तो सावकाश फेडावा. दोन सभांत आम्ही तो पुढे ढकलला, आणि दोन्ही वेळा, त्यांच्या जागी अध्यक्ष झालेला, मीच खुर्चीत होतो. दोन्ही वेळा साहेब बाहेरच्या बाकावर बसून होते. निकाल ऐकून "बरं" म्हणाले आणि एसटी गाठायला निघाले.

साहेबांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, अशी आम्हा सर्वांची इच्छा आहे. पण ती लिहिताना लाज वाटते. बांध घालून पाणी मुरायला आणि आडाला झरे फुटायला कैक वर्षे लागतात. पंचाहत्तरीच्या माणसाजवळ ती मागायचा आम्हाला काय हक्क? येत्या सभेत मी होकार देणार आहे. बाकीच्यांचे सांगता येत नाही. साहेबांना भरपूर आयुष्य मिळो, आणि ते आमच्या दाराबाहेर वाट पाहण्यात न जावो.