बिनदुधाची कॉफी

महादूमामांना काहीही चाखायला दिलं, की ते आधी भिंतीकडे तोंड करायचे. घोट तोंडात धरून डोळे मिटायचे आणि आपण काही विचारू लागलो तर हाताने थांबवायचे. "माणसाचं तोंड बगत चव घेतली की खोटं बोलाय येतं," म्हणायचे. मामा जाऊन आता वर्ष झालं. इतका चौकस माणूस मला पुन्हा भेटलेला नाही.

मामा दूध कट्ट्यावरचे. संध्याकाळी दोन म्हशी कट्ट्यावर आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर धार काढायची आणि फेसाळ पेला तसाच हातात द्यायचा, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. शाळेतली नोकरी सोडून मी शिवाजी पेठेत कॉफीचं छोटं दुकान काढलं, तेव्हा रोजचं सहा लिटर दूध त्यांच्याकडूनच लावलं. सकाळी दूध घालून झालं तरी मामा रेंगाळायचे. यंत्रात वाफ कुठनं येती, कॉफीचं झाड केवढं असतंय, एक ना दोन. मला कामं असायची, पण त्यांना टाळणं जमायचं नाही.

एकदा मी चिकमगळूरहून कमी भाजलेली कॉफी मागवली. पहिल्याच संध्याकाळी दोन गिऱ्हाइकांच्या कपात दूध फाटलं. मी तडक मामांना फोन लावला आणि तावातावाने म्हटलं, "मामा, तुमचं दूध फाटलंय."

अर्ध्या तासात मामा किटली घेऊन दारात हजर. मला वाटलं, आता भांडण होणार.

"ताई, माझा फोन कायम स्पीकरवर असतोय," ते म्हणाले. "कट्ट्यावर चौघंजण बसल्याली, समद्यांनी ऐकलं. चाळीस वर्सांत मला असं कुणी म्हटलं न्हवतं. ही आत्ता काढल्याली धार हाय. काय झालंय ते बगूया की."

ते ताजं दूध उकळून त्यांनी आधी माझ्या नेहमीच्या काळ्याभोर कॉफीत ओतलं. काही झालं नाही. नव्या कॉफीत ओतलं, तर वर बारीक कण तरंगले. मामांची बाजू खरी ठरली होती. दुसरा कुणी असता तर दोन शब्द सुनावून तिथेच उठला असता. मामा मात्र कपावर वाकून बघत बसले आणि म्हणाले, "आता ही नुसती द्या."

ग्लासातली चहासारखी तांबूस कॉफी त्यांनी दिव्यासमोर धरली. "ह्यात पाणी लई झालंय. पाण्यापायी बदनाम आमी, आन् घालताय तुमी."

बी कमी भाजलं की रंग असाच येतो, हे मी समजावलं. मामा भिंतीकडे वळले.

"आंबट हाय. पर चिंच न्हाय. कैरीबी न्हाय." मग बऱ्याच वेळाने, "करवंद. पिकायच्या आदल्या दिवशीचं." पुढे ती निवेल तशी एकेक घोट घेत राहिले. "निवली की गोडीला आली," असं स्वतःशीच म्हणाले.

मी फ्रीजमधून बाटली काढली. हीच पूड आदल्या दिवसापासून थंड पाण्यात भिजवून गाळली होती. कोमट धारेचा पेला विकणाऱ्या या माणसाला थंड काही चालत नसे. तरीही त्यांनी घोट घेतला आणि भिंतीकडे बघत उभे राहिले.

"बी तेच?"

"तेच."

"मग आंबटपणा कुठं ऱ्हायला?"

गरम पाणी तो भराभर काढून घेतं, थंड पाण्यात तो तितका उतरत नाही, मी म्हटलं.

"व्हय. नवा गडी म्हशीला वढून वढून पिळतोय, तसं ते गरम पाणी. दमानं घेतलं की म्हस आपसूक पान्हा सोडती."

मी मात्र वैतागले होते. ही पिशवी परत पाठवते, दुधात चालणारी जुनीच कॉफी बरी, असं म्हणाले. दूधवाल्याला हे ऐकून खरं तर बरं वाटायला हवं होतं.

"खुळ्या हायसा काय? इतकी झ्याक चीज. ह्येला दूध घालू नगासा, एवढंच." जाताना ते दारात थांबले. "उद्या कट्ट्यावर या. फोनवर जेवढ्या मोठ्यानं बोललासा, तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

मी गेले. त्या चौघांसमोर मोठ्याने सांगितलं, की मामांचं दूध चांगलं होतं, माझी कॉफी आंबट होती. मला फार लाज वाटली. मामांनी धार काढता काढताच दुरुस्ती केली, "कॉफीबी चांगली हाय. दोघांस्नी एका कपात घातलं, तेवढं चुकलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सहाऐवजी चारच लिटर दूध आणलं. मी कारण विचारलं.

"ही बिनदुधाची खपाय लागली की दूध उरणार. उरल्यालं तुमी दुसऱ्या दिवशी वापरणार, आन् नाव माझं जाणार."

बिनदुधाची कॉफी तेव्हा कुणी मागतही नव्हतं. पण दुपारीच दूध संपायचं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला, आता बिनदुधाचीच आहे, असं मला सांगावं लागायचं. तशीच ती हळूहळू खपायला लागली. ते उरलेलं दोन लिटर दूध मामांनी दुसऱ्या कुणाला घातलं, की ते खपलंच नाही, हे मी कधी विचारलं नाही. स्वतःचा खप कमी करून त्यांनी माझं दुकान उभं केलं, हे त्यांना सांगायचं राहून गेलं, याचं मला फार वाईट वाटतं.