निळ्या रेघेवरचा दीड तास

माझे वडील दामोदर सोलापुरात वाहतूक शाखेत होते. सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले, पण सगळी नोकरी चौकात उभं राहण्यात गेली. घरी पाहुणे आले की आई, लीलावती, त्यांचा एकच किस्सा सांगायची. ती एकदा डबा घेऊन चौकात गेली आणि घाईत लूना भलत्या ठिकाणी लावली. बाबांनी डबा घेतला, भाजी कुठली ते विचारलं आणि लूना क्रेनवर चढवली. आई रिक्षाने घरी आली.

आमच्या मुलीच्या, आर्याच्या जन्माच्या वेळी मी आणि माझा नवरा प्रणव नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला राहत होतो. सोलापूरच्या घरी माझी आजी अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे आई-बाबा दोघांनी एकदम येणं शक्य नव्हतं. आई नोव्हेंबरमध्ये बाळंतपणाला आली, फेब्रुवारीत परत गेली. ती पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा निघाले. ड्यूटी बदलावी तसं. दोघांना एक रात्र मिळाली एकत्र, तीही बॅग भरण्यात गेली. मेमध्ये परत जायचं होतं. मार्चमध्ये कोरोनामुळे विमानं बंद झाली.

पहिले काही आठवडे बाबा खिडकीत उभे असायचे. खाली रस्ता रिकामा, सिग्नल आपले लाल-हिरवे होत राहायचे. एखादी सायकल यायची, लालवर थांबायची, हिरवा झाला की जायची.

"कुणासाठी थांबली गं ती?" बाबा विचारायचे.

संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या रात्री, आईचा व्हिडिओ कॉल यायचा. आजी कशी आहे, गोळ्या मिळाल्या का, हे सगळं बोलून झालं की बाबा हळूच म्हणायचे, "जरा गॅलरीत जा. रस्ता दाखव."

"काय दाखवू? मधोमध एक कुत्रं झोपलंय."

"दाखव की."

मग ती फोन कठड्याबाहेर धरायची आणि बाबा त्या अंधाऱ्या, निर्मनुष्य रस्त्याकडे बघत बसायचे. एकदा म्हणाले, "एक हॉर्न ऐकू आला असता तर झोप लागली असती." आईने फोन तसाच बाहेर धरून ठेवला. बराच वेळ तिचा चेहराही दिसत नव्हता, नुसता रस्ता.

आमच्या शेजारी ट्रूस नावाच्या बाई एकट्या राहायच्या. पंच्याहत्तरीच्या, उंच, ताठ. त्यांचे पती वीम यांना विस्मरणाचा आजार होता आणि ते गाडीने वीस मिनिटांवरच्या एका केअर होममध्ये होते. मार्चपासून तिथे कुणालाच आत सोडत नव्हते. फक्त ठरवून दिलेल्या दुपारी खिडकीबाहेर बसायचं, काचेपलीकडे पती, दोघांच्या कानाला फोन. ट्रूसबाईंच्या दारात गाडी होती, पण मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढे ढकललं गेलेलं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केलेली. मुलगी ब्रेडा शहरातल्या हॉस्पिटलात नर्स. आपल्यापासून आईला लागण नको म्हणून ती येत नव्हती. बस-ट्राममध्ये बसायची बाईंना भीती वाटायची. प्रणवने दोनदा नेलं, पण दुपारच्या त्याच्या मीटिंगा हलत नव्हत्या, आणि माझ्याकडे इथलं लायसन्स नव्हतं.

हे सगळं मी बाबांना जेवताना सांगितलं. ते ताटातलं संपवून उठले, हात धुतले आणि म्हणाले, "मी नेतो."

त्यांच्याकडे आंतरराष्ट्रीय परवाना होता. प्रणवबरोबर फिरायचं म्हणून निघताना हौसेने काढलेला. प्रणवने ट्रूसबाईंच्या गाडीच्या विम्याचं वगैरे विचारून घेतलं. मग आठवडाभर दोघं रोज संध्याकाळी बंद पडलेल्या ऑफिसांच्या भागात सरावाला जायचे. रस्त्याची बाजू उलटी, गियर उजव्या हाताला, हे बाबांना लवकर जमलं. अडायचं ते छोट्या चौकात.

"उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, बाबा. सायकल असली तरी."

"पाटी कुठाय तशी?"

"पाटी नसली की हाच नियम."

"आणि बघायला कोण?"

"कोणी नाही."

बाबा थांबले. उजवीकडून एक बाई सायकलवरून आल्या, हात वर करून गेल्या. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चौकात कुणाला तरी गाडीत बसून जाऊ दिलं, असं प्रणव घरी येऊन हसत म्हणाला. बाबा हसले नाहीत. म्हणाले, "आपल्या चौकात असं झालं असतं तर मला घरी जेवायला येता आलं असतं."

एप्रिलच्या एका दुपारी ते पहिल्यांदा निघाले. ट्रूसबाई मागच्या सीटवर, तिरक्या कोपऱ्यात, तोंडावर रुमाल. चारही काचा खाली. केअर होमसमोरच्या रस्त्याला कडेने निळी रेघ होती. तिथे फुकट गाडी लावता येते, पण दीडच तास. आल्याची वेळ पुठ्ठ्याच्या निळ्या तबकडीवर लावून ती काचेमागे ठेवायची. ट्रूसबाईंनी ती स्वतः लावली, दोनदा तपासली, आणि घडीची खुर्ची घेऊन खिडकीकडे गेल्या.

वीमना माणूस ओळखायला वेळ लागायचा. ट्रूसबाई बोलत राहायच्या, मुलीचं, ट्युलिपचं, शेजारच्या काळ्या केसांच्या बाळाचं. ते सभ्यपणे मान हलवायचे, अनोळखी पाहुणीपुढे हलवावी तशी. आणि बऱ्याच वेळाने, मध्येच, त्यांचा चेहरा उजळायचा. त्या दिवशी बाबांनी गाडीतून पाहिलं, वीमनी काचेवर तळवा टेकवला. ट्रूसबाईंनी घड्याळ पाहिलं, खुर्ची मिटली आणि परत आल्या.

"टाइम," त्या म्हणाल्या.

बाबा घरी येऊन माझ्याशी वाद घालू लागले. "अगं, तो माणूस आत्ता कुठं तिला ओळखत होता आणि ही उठली."

"वेळ संपली ना."

"तबकडी फिरवली असती तर कोण बघत होतं?" असं ते म्हणून गेले. सोलापुरात अशी सबब सांगणाऱ्या माणसाला त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यांनी मला नगरपालिकेचं पान उघडून ओळ न् ओळ समजावून सांगायला लावलं. तबकडी नुसती पुढे सरकवायला बंदी होती. पण गाडी खरोखर बाहेर काढली आणि पुन्हा येऊन लावली, तर वेळ नव्याने सुरू होत होती.

पुढच्या खेपेला दीड तास भरत आला तशी ट्रूसबाईंनी खुर्चीवरून मान वळवली. बाबांनी गाडीतून हात दाखवला. बसा. गाडी काढली, वस्तीला मोठा वळसा घातला आणि परत येऊन लावली. तबकडीवर नवी वेळ. ट्रूसबाई उठून जवळ आल्या होत्या.

"अलाउड?"

"हंड्रेड पर्सेंट," बाबा म्हणाले. "आय पोलीस. यू सिट."

त्या परत खिडकीशी गेल्या. त्या दिवशी वीम त्यांच्याशी बराच वेळ बोलले.

मग ते ठरूनच गेलं. एकदा त्या फेरीतच आईचा फोन आला. बाबांनी गाडी बाजूला घेऊन उचलला आणि काय चाललंय ते सांगितलं.

"वा," आई म्हणाली. "माझी लूना उचलली होती तुम्ही."

"हो."

"भाजी दोडक्याची होती."

"आठवतंय मला," बाबा म्हणाले. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. पुढे म्हणाले, "तुझी आई डबा आणला की रस्त्यापलीकडं उभी राहून मी जेवतो का बघत असायची. मला दिसायची. पण चौक सोडून जाता यायचं नाही. आता सगळे चौक रिकामे आहेत आणि ती तिकडं."

मेअखेरीस केअर होममध्ये प्रत्येकाच्या घरच्या एका माणसाला आत सोडू लागले. ट्रूसबाई मास्क लावून आत गेल्या आणि वीमचा हात हातात घेऊन बसल्या. बाबा बाहेर गाडीत होते. जुलैत त्यांना खास विमानात जागा मिळाली. निघताना ट्रूसबाई जिन्यात उभ्या होत्या. दोघांना हात मिळवता येईना, तेव्हा बाबांनी कडक सॅल्यूट केला. बाई गोंधळल्या, मग त्यांनीही केला.

मुंबईत विलगीकरणासाठी हॉटेलात अडकून शेवटी ते सोलापूरला पोचले. आईने मला फोन केला तेव्हा तिचा आवाज अगदी हळू होता. "आलेत. आत्ता जेवून झोपलेत. मी इथंच बसलेय."

पुढच्या जानेवारीत वीम गेले. ट्रूसबाई आमच्या दारात, दीड मीटर अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना मला स्वतःच सांगायचंय." मी व्हिडिओ कॉल लावून फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी इंग्रजीत सुरुवात केली, पण मध्येच त्यांची इंग्रजी सुटली आणि त्या डचमध्ये बोलू लागल्या. बाबा मराठीत बोलत होते. "किती वाईट झालं हो, बाई. शांत गेले का? जवळ होता ना तुम्ही?" मागे आई पदराने डोळे पुसत उभी होती. मला दोन्ही भाषा येत होत्या, पण कुणीच माझ्याकडे बघितलं नाही आणि मीही मध्ये पडले नाही.

ट्रूसबाईंचं ऑपरेशन आता झालंय, त्या स्वतः गाडी चालवतात. आई-बाबांचं इकडे येणं आजीपायी आणि विमानांपायी राहतंच आहे. आर्या चालायला लागली, डचमध्ये बोलायला लागली. खिडकीखाली गाडी थांबली की ती धावत जाते आणि आजोबा आले का ते बघते.