सहादेव गिरणीवाल्याचा हर्निया

“मशीन हाय, बिघडणारच. त्यात लाजायचं काय?”

मिरजगावच्या सहादेव गिरणीवाल्याचं हे बोलणं आमच्या पेठेत लहानथोरांना पाठ होतं. गिरणीचं बेअरिंग गेलं, गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावायची वेळ आली, की ज्वारीचे डबे घेऊन ताटकळणाऱ्या बायांना तो हेच सांगायचा. कुणाच्या सासूनं कानाचं यंत्र लावायला नकार दिला, तरी हेच. अंगावर कायम पिठाची पांढरी साय, पापण्यासुद्धा पांढऱ्या, आणि बोलणं दगडाच्या गतीचं, सावकाश, एकसारखं.

हेच वाक्य त्याला स्वतःला मात्र म्हणता आलं नाही, त्या दीड महिन्याची ही हकीकत. हकीकत त्याची आहे आणि लिहायची परवानगीही त्यानंच दिली आहे.

सहादेव मूळचा ट्रॅक्टरवाला. कारखान्याला ऊस वाहायचा. अकरा-बारा वर्षांपूर्वी भरलेली ट्रॉली उलटली आणि त्याच्या कमरेचं हाड मोडलं. हाड जुळलं, तो चालू लागला, पण पुरुष म्हणून जे चालायला हवं ते बंद पडलं. आतल्या नसाच तुटल्या होत्या. वर्षभर तो बायकोकडं पाठ करून झोपला. शेवटी सविताच त्याला नगरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. लिंगात दोन लवचीक नळ्या बसवायच्या, पोटात पाण्याची छोटी पिशवी, आणि खाली अंडकोषाच्या पिशवीत बोटभर पंप. दाबला की पाणी नळ्यांत येतं, सोडलं की परत जातं. बाहेरून काही दिसत नाही.

सहादेव म्हणाला, “लोकांना कळलं तर?”

सविता म्हणाली, “लोकांना काय करायचंय? मला पायजे हाय. मी बायको हाय तुमची, मला सांगा तुमचं काय ते.”

ते मशीन बसलं आणि दहा वर्षं चाललं. ट्रॅक्टर विकून गिरणी टाकली ती त्याच काळात. दोघं दिवसभर पिठात असायची आणि संध्याकाळी एकमेकांच्या केसांतलं पीठ झटकत घरी जायची.

गेल्या दिवाळीनंतर एके दिवशी पंप दाबला तर तो नुसताच मऊ लागला. काही आलं नाही. पुन्हा दाबला. महिनाभर तो तसाच दाबत राहिला, बिघडलेल्या मोटारीचं बटन पुन्हा पुन्हा दाबावं तसा. तपासणीत कळलं, एका नळीला बारीक छेद गेला होता, पाणी आतच झिरपून गेलं होतं. त्या पाण्यापासून धोका नव्हता. पण मशीन काढून नवं बसवावं लागणार होतं.

डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. “दुसऱ्या वेळी जपायला लागतं. जंतू शिरले तर सगळं काढून टाकावं लागेल. आणि तिसऱ्यांदा बसेलच असं मी सांगू शकत नाही. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, तिथं दाब येऊ द्यायचा नाही.”

एवढंच पणाला लागलं होतं. पण तेवढं त्या दोघांचं सगळं होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी गावाकडून फोन आला, कसलं ऑपरेशन? सविताची नजर शेजारच्या खाटेवर गेली. तिथं एका गृहस्थाचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. ती पटकन म्हणाली, “हर्नियाचं.”

आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला जाणं चुकत नाही, आणि भेटायला आलेला माणूस सल्ला दिल्याशिवाय उठत नाही. सहादेव घरी आला आणि बिस्किटांचे पुडे, शहाळी, सल्ले सुरू झाले. तो सैल लुंगीत उशीला टेकून बसायचा. ठणका असायचा, सूज उतरता उतरत नव्हती, आणि वर हसून “हर्निया हाय, दुसरं काय न्हाई” म्हणावं लागायचं.

बाकीचे येऊन गेले. बिभीषणआण्णा मात्र रोज यायला लागले. आण्णांचा टेम्पो आहे, गिरणीसमोरच उभा असतो. वय साठीच्या घरात. तीन वर्षांपूर्वी त्यांचा खरोखरचा हर्निया काढलेला, तेव्हापासून त्या विषयात त्यांना कुणी हटकू शकत नव्हतं.

बाराव्या दिवशी आण्णा आले ते कापडात गुंडाळलेला कमरेचा पट्टा घेऊनच.

“डॉक्टरनं पट्टा न्हाई दिला? असला कसला डॉक्टर? धर. मी सोता गरम पान्यानं धुवून आनलाय.”

“ऱ्हाऊ द्या आण्णा.”

“ऱ्हाऊ दे म्हंजी? पुन्यांदा आतडं खाली आलं तर? उठ.”

खोलीत आणखी चार माणसं बसलेली. नाही म्हणायला कारण सुचेना. आण्णांनी लुंगीवरूनच पट्टा खाली ओढून असा आवळला, की सहादेवच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले.

“बसला का?”

“बसला,” सहादेव म्हणाला.

आण्णा सकाळ-संध्याकाळ पट्टा तपासायला यायचे. त्यांचं मन मोडवेना म्हणून सहादेवनं तो दोन दिवस ठेवला. तिसऱ्या दिवशी सकाळी सवितानं पट्टा सोडून पाहिलं. कातडी लालभडक झाली होती, हात लावला तर गरम. तिनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, लगेच या.

गाडी कुणाची? पट्टा तपासायला आलेल्या आण्णांचा टेम्पो दारात उभा होता. आण्णांनी एक शब्द न विचारता किल्ली फिरवली. तिघं नगरच्या रस्त्याला लागली. रस्त्याच्या दोन्ही कडेला ज्वारी निसवली होती, पण तिकडं पाहायला कुणाला सुचलं नाही. सविताचा हात सहादेवच्या हातात होता.

डॉक्टरांनी दार लावून तपासलं. टाके पाहिले, दाबून पाहिलं, ताप मोजला, रक्त तपासायला पाठवलं. मग पट्टा दोन बोटांत उचलून म्हणाले, “हा तुम्हाला कोणी बांधला?”

“शेजाऱ्यानं.”

“त्याला परत द्या. कातडी घासून लाल झाली आहे, एवढंच. पू नाही, ताप नाही, रक्तही ठीक आहे. आत सगळं जागच्या जागी आहे.”

सविता तोंडाला पदर लावून रडली. सहादेव म्हणतो, दहा पोती एकदम खांद्यावरून उतरली असं त्याला वाटलं.

परतीच्या वाटेवर रुईछत्तीशीला आण्णांनी टेम्पो कडेला घेतला. सविता मागं चहा सांगायला टपरीवर गेली. आण्णा स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिले.

“माज्या पट्ट्यानं झालं ना?”

सहादेवला आणखी एक खोटं बोलता आलं असतं. पण म्हाताऱ्याला त्याच्याकडं बघवत नव्हतं.

“आण्णा, मला हर्निया न्हाई,” तो म्हणाला. आणि ट्रॉली उलटल्यापासून नळीच्या छेदापर्यंत सगळं सांगितलं.

आण्णांनी पहिल्यांदाच मान वळवून त्याच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, “म्हंजी ते... वर-खाली हुतं?”

“व्हय.”

“आन् पंप कुठं असतो?”

“आण्णा.”

“बरं, बरं. ऱ्हायलं.” मग स्वतःशीच म्हणाले, “आन् मी येडा रोज इचारतोय, आतडं आत बसलं का.”

सहादेव हसला तसे टाके ओढले गेले, त्यानं पोट धरलं. आण्णा मात्र हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, “मला साखर निघाल्यापासून मी बाहेर ओट्यावर झोपतो. चार वर्सं झाली. तुज्या वैनीला सांगतो, आत लई उकडतं.”

“आन् हिवाळ्यात?”

“हिवाळ्यातबी उकडतं म्हनून सांगतो.”

“तिला पटतं?”

“ती गोधडी आनून देती. बोलत न्हाई काय.”

सहादेव म्हणाला, “समद्यांनाच मशीन लागत न्हाई. काहींचं गोळीवरबी भागतं म्हनत्यात डॉक्टर. नंबर देऊ?”

“दे. पन सविता यायच्या आधी दे.”

त्या दिवसापासून सहादेवच्या घरी सल्लागारांची रांग थांबली. कुणी आलं की आण्णाच दारात म्हणायचे, “हर्नियाचं मला इचारा. पेशंटला बोलायला मनाई हाय.” गिरणीवर जड पोती उतरवायलाही तेच उभे राहायचे. सूज गेली, लाली गेली, ठणका गेला. सहादेव आधी अंगणात, मग गल्लीत, मग गिरणीपर्यंत चालू लागला.

सहा आठवडे भरले त्या दिवशी नवराबायको एसटीनं नगरला गेली. डॉक्टरांनी पंप पहिल्यांदा चालू केला, भरून दाखवला, उतरवून दाखवला, मग सहादेवकडून दोनदा करवून घेतला. सगळं सुरळीत होतं. दुपारी दोघं परत आली. सविता थेट घरी गेली, सहादेव गिरणीवर.

साडेपाचला त्यानं खटका बंद केला. दगड फिरत फिरत थांबला. त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं, पापण्या पुसल्या, मानेवरचं पीठ झटकलं आणि शटर ओढलं. एवढ्या लवकर ते शटर कधी खाली आलं नव्हतं.

भामाबाई बाजरीचा डबा डोक्यावर घेऊन तेवढ्यात पोहोचली. “आरं सहादेवा, माजं दळन?”

त्यानं ऐकलं नाही, किंवा ऐकून थांबला नाही. पेठेतून घराकडं निघाला. पाय फाकवून नाही, कमरेला हात लावून नाही, दोन्ही हात मोकळे सोडून. देवळाच्या वळणावर त्याचा पांढरा शर्ट दिसेनासा झाला.

टेम्पोच्या फळीवर बसून बिभीषणआण्णा बघत होते. शेजारी डबा उतरवून भामाबाईही बघत उभी राहिली.

“लाईट गेली का काय?” तिनं विचारलं.

“न्हाई,” आण्णा म्हणाले. “उद्या ये तू.”