आमच्या बैलांचे दोन पोळे

मुलींना मी घरीच शिकवणार, असं जाहीर केलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून मला विचारलं, "म्हंजे पोरींना कायमचा रविवार?"

आम्ही पुण्याहून येडगावला नुकतेच राहायला आलो होतो. नवऱ्याला नारायणगावात काम मिळालं आणि मी मनातल्या मनात पेढे वाटले. थोरली आठ वर्षांची, धाकटी सहाची. थोरलीचं पुण्याच्या शाळेत जाताना रोज सकाळी पोट दुखायचं. डॉक्टर झाले, ओवा झाला, दृष्ट काढून झाली. रविवारी मात्र पोट ठणठणीत! वर्गात उभं केलं की तिला तोंडच उघडता यायचं नाही, नुसती फ्रॉकची कड चावत राहायची. माझ्यानं बघवेना. म्हटलं, वर्षभर घरी शिकवते, पुढचं पुढं बघू.

आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गोठ्यातनं आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, "पोळ्यापतूर बघतो. पोळ्याला पोरींनी माझ्याच बैलांची समदी माहिती मला सांगायची. आली सांगता, तर ऱ्हाऊ दे घरी. नाय तर दुसऱ्या दिशी मी सोता जाऊन शाळेत नाव घालणार."

"ठरलं!" मी म्हणाले. मला कुणी असं डिवचलं की डोक्याआधी जीभ धावते.

महिन्याला एक विषय, ही माझी पद्धत. भाषा, गणित, चित्र, गोष्टी, सगळं त्या एका विषयातून काढायचं. आधी पाण्याचा महिना झाला होता; धरण घरापासून चालत जाण्याइतकं जवळ, त्यामुळे फारसं डोकं चालवावं लागलं नाही. श्रावण लागला तसा मी स्वयंपाकघरात मोठा कागद चिकटवला आणि वर लिहिलं, 'बैल'. बैल रवंथ का करतो ते विज्ञान. कासऱ्याची लांबी वितीनं मोजायची ते गणित. बेल्ह्याच्या बाजारात कुठून कुठून जनावरं येतात, त्या गावांचा नकाशा. झूल, वेसण, घुंगरू, बाशिंग हे भाषेचे शब्द. धाकटीनं चिखलाचे इतके बैल केले की खिडकीत जागा उरली नाही. त्यातले निम्मे डुकरासारखे दिसत होते, पण तिला तसं सांगायची कुणाची छाती नव्हती.

भिंतीवरच्या कॅलेंडरात श्रावणी अमावास्येच्या चौकटीत बारीक अक्षरात पोळा छापलेला होता. माझं माहेर मराठवाड्यातलं, आमच्याकडेही पोळा त्याच दिवशी. मी त्या चौकटीला लाल गोल केला आणि मागे मोजत सगळा अभ्यास बसवला. पोळ्याला काय करणार ते आबांना कळू द्यायचं नाही, अशी पोरींना ताकीद होती. परीक्षकाला कुणी पेपर दाखवतं का?

सासूबाई तेव्हा मंचरला, माझ्या नणंदेच्या बाळंतपणाला गेलेल्या. त्या घरात असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं.

अमावास्येला मी पहाटेच पुरण घातलं. नवरा चहा पीत पीत बघत होता, पण बोलला काही नाही. डबा उचलला आणि कामावर गेला. मी पोरींना नव्या परकरात सजवलं, चिखलाचे बैल पाटावर मांडले, औक्षणाचं ताट केलं. थोरलीला आज बोलता नाही आलं तर? आबा शब्दाचे पक्के. उद्या खरंच नाव घालतील, आणि परवापासून माझ्या लेकीचं पोट पुन्हा दुखायला लागेल.

तेवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली. बघते तर काय, आबा मक्याच्या चाऱ्यानं भरलेली गाडी हाकत येताहेत आणि दोन्ही बैल जुंपलेले! पोळ्याच्या दिवशी!

मी तोंड उघडायच्या आत थोरली धावत सुटली. अंगणातनं थेट रस्त्यावर, गाडीच्या पुढ्यात. दोन्ही हात पसरून उभी राहिली. आबांनी कासरा खेचला.

"आबा, सोडा त्यांना!" ती किंचाळली. "आज त्यांच्या मानेवर जू ठेवत नाहीत! वर्षभर राबतात ते! त्यांना एकच दिवस असतो, तो पण तुम्ही देत नाही!"

चावडीकडे निघालेले दोघं-तिघं थांबले. शेजारच्या काकू कंबरेवर हात ठेवून बाहेर आल्या. ज्या पोरीला वर्गात स्वतःचं नाव सांगता यायचं नाही, ती भर रस्त्यात आजोबांना झापत होती. जू खांद्याला कसं घासतं, तिथं सूज कशी येते, सगळं सांगितलं. तोंड लालबुंद झालेलं, डोळ्यांतनं पाणी, पण थांबायचं नाव नाही.

ती दमून गप्प झाली तेव्हा काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "अगं बाय, आज कुठला पोळा? आपल्याकडं पोळा भादव्यात आस्तोय. अजून म्हयना हाय की!"

जुन्नर-आंबेगावाकडे पोळा भाद्रपदी अमावास्येला करतात, हे मला लग्नाला दहा वर्षं होऊनही ठाऊक नव्हतं. आम्ही यायचो ते जत्रेला नाहीतर दिवाळीला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. सगळे खो खो हसायला लागले. "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग!" कुणीतरी म्हणालं. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं आणि परकराची कड तोंडात घातली. ते बघून माझ्या काळजाचं पाणी झालं.

आबा हसले नाहीत. ते गाडीवरनं उतरले, तिथंच भर रस्त्यात जू उतरवलं आणि एका बैलाची दोरी थोरलीच्या हातात दिली. "पोरगी म्हनती पोळा, तर पोळा," ते लोकांकडे बघून म्हणाले. "तुमाला काय तरास हाय का, राव?"

मग हसणाऱ्यांनाच धरून त्यांनी ती गाडी अंगणापर्यंत ढकलायला लावली. बैलांनी पुरणपोळी खाल्ली. संध्याकाळी नवऱ्याला मी फैलावर घेतलं तर म्हणतो, "मला वाटलं, पिठोरी अमावास्येचा नैवेद्य करतेस." घ्या!

मी हळूच आबांना विचारलं, "मग परीक्षा?"

"पोळा होऊ दे की," ते म्हणाले.

झालं! माझा जीव पुन्हा टांगणीला. पुढचा विषय मी भात काढणार होते. पोरींना डोंगराकडच्या खाचरांत न्यायचं ठरलेलं. पण परीक्षा उरलेली असताना बैल कसा सोडणार? कागद तसाच राहिला. माझ्याजवळ शिकवण्यासारखं संपलं होतं, म्हणून रोज सकाळी पोरी आबांच्या मागं गोठ्यात जायला लागल्या. शेण काढायचं, खरारा करायचा, शिंगं घासायची. धाकटी तर बैलाशी गप्पा मारायची आणि त्याच्या वतीनं उत्तरंही स्वतःच द्यायची. मी मधूनमधून आठवण करून द्यायची, "आबा, विचारून बघा ना काहीतरी." ते म्हणायचे, "अजून पोळा यायचाय."

भादव्यातल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झाली. आबांनी दोघींच्या हातावर हळद-तूप दिलं. पोरींनी बैलांचे खांदे चोळले आणि त्यांच्या कानात सांगितलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." दुसऱ्या दिवशी मिरवणूक झाली, वाजंत्री झाली, थोरली बैलाची दोरी धरून मारुतीपर्यंत गेली. परत येऊन सगळे जेवले. आबा पान जुळवत ओट्यावर बसले. परीक्षेचं नावच नाही.

माझ्यानं राहवलं नाही. "आबा, काय ते एकदा विचारा आणि मला मोकळी करा!"

"कुनाला इचारू?" त्यांनी पानाला चुना लावला. "परीक्षा मागल्या आवसंलाच झाली. पोरगी माझ्या बैलांसाठी माझ्याच आडवी आली. आता आनि काय इचारायचं ऱ्हायलंय?"

माझं टाळकंच सरकलं. "महिनाभर माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता! तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

आबांनी गोठ्याकडे पाहिलं. दोघी तिथं गव्हाणीवर बसून बैलांच्या शिंगांचे फुगे सोडवत होत्या.

"तवाच सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तू दुसऱ्या दिशी तो कागद फाडला असता अन् पोरी भात बघाया गेल्या असत्या. मग माझ्यासंगं गोठ्यात कोन आलं असतं?"