खळ्यावरचा रस्ता

बाजारात नव्या भाताची पोती उघडली की उबट वास येतो आणि मला कल्याणची ती सकाळ आठवते.

सरकारने स्टेशनकडे जाणारा जवळचा रस्ता नुकताच बांधला होता. ठाण्याच्या कचेरीत जाणारे आम्ही कारकून त्याच रस्त्याने आगगाडी गाठायचो. त्या दिवशी एका आगरी म्हातारीने रस्ताभर भात वाळत घातले होते. बांधावरून वळसा घ्यावा तर गाडी चुकणार, आणि पुन्हा उशीर झाला तर नोकरी जाईल, अशी साहेबांची ताकीद होती.

"आजी, हा रस्ता आहे," मी म्हणालो.

"हितंच आमचा खला व्हता. मंग भात कुठं वालवू?"

धान्य म्हणजे लक्ष्मी. मी जोडे काढून हातात घेतले, नमस्कार केला आणि अनवाणी भातावरून चालू लागलो.

"पाया बी पडतंस नि तुडवतंस बी, भटा," मागून ती हसत म्हणाली.

तेव्हा मला तिचा राग आला. आता त्या नमस्काराचा येतो.

गाडी मिळाली. कचेरीत बसल्यावर पायाच्या बोटांत अडकलेला एक दाणा सापडला. तो टाकवेना, आणि ठेवून घ्यायचा हक्कही वाटेना.