चंद्रीला एकटं राहायला शिकवलं त्याची गोष्ट

आमच्या खानदानात कचेरीतून रजा दोनच कारणांसाठी काढायची रीत होती, लग्न नाहीतर मयत. कुत्रीसाठी आठ दिवसांची रजा काढणारा मी पहिलाच. (अर्जात मी नुसतं 'घरगुती अडचण' असं लिहिलं. साहेबांनी सही करताना माझ्याकडं फार कनवाळूपणे बघितलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे!)

पोलीस ॲक्शनला वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती. आम्ही नवराबायको तेव्हा औरंगाबादला, शहागंजच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन राहायचो. मी कारकून, बायको सुमन शाळेत मास्तरीण. एकदा ती शहागंजात भाजी आणायला गेली आणि मेथीच्या जुडीबरोबर एक कुत्रीही घरी आली. मेथी विकत आणली होती, कुत्री आपण होऊन आली होती. काळ्या कपाळावर पांढरा टिळा, म्हणून तिचं नाव ठेवलं चंद्री.

चंद्री लई गुणाची. चोरून खायची नाही, चप्पल कुरतडायची नाही. फक्त माणूस नजरेआड झालं की रडायची. भुंकायची नाही हं, रडायचीच. आधी बारीक हुंदके, मग एक लांब सूर, मध्येच श्वास घ्यायला थांबायची आणि पुन्हा हुंदके. डोळे मिटून ऐकलं तर कुणाची तरी लेक सासरी निघालीय असं वाटावं. आम्ही साडेदहाला कुलूप लावून निघालो की हे सुरू व्हायचं, ते संध्याकाळी आम्ही परत येईपर्यंत चालायचं. रेडिओ लावून ठेवला, तर ती त्याच्याबरोबर रडायला लागली.

समोरच्या घरात बानूखाला राहायच्या. साठीच्या, एकट्याच. त्या दारात आल्या तेव्हा मी भांडणाच्या तयारीनं उभा राहिलो. पण त्या म्हणाल्या, "बेटा, तुमची कुत्री रोती तो मेरे कू भी रोना आता. दोपहर में दोनों रोते बैठते."

आता मात्र काहीतरी करणं भाग होतं. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, की बाहेर जायचं आणि मिनिटभरानं परत यायचं. मग दोन मिनिटांनी, मग पाच. गेलेला माणूस परत येतो हे तिला पटलं पाहिजे. पण रडत असताना दार उघडायचं नाही, नाहीतर रडलं की दार उघडतं असं ती शिकेल.

म्हणून ती रजा. सोमवारी सुमन शाळेला गेली आणि माझी तालीम सुरू झाली. सदरा-पायजमा, हातात डब्याची पिशवी, पायांत चपला. दाराला कुलूप घालायचं, पायरीवर बसायचं, हातातल्या घड्याळाकडं बघायचं, कुलूप काढून आत जायचं, पिशवी ठेवायची, पिशवी उचलायची, की पुन्हा बाहेर. दिवसातून चाळीस वेळा. गल्लीतली माणसं आधी थांबून बघायची. बुधवारपर्यंत त्यांनी तो रस्ताच सोडला.

शुक्रवारी आम्ही दहा मिनिटांवर आलो होतो. मी शिस्तीचा माणूस, त्यामुळं जाताना आणि येताना तिच्याशी दोन शब्द बोलायचोच. नेमक्या त्याच वेळी करमाडहून किसनराव आले होते. हे माझ्या सासऱ्यांच्या शेताशेजारचे. सासऱ्यांनी लेकीसाठी हरभऱ्याचे डहाळे पाठवले होते, ते द्यायला. घरात कुत्री आलीय हे करमाडला कुणालाच ठाऊक नव्हतं. किसनरावांनी गल्लीच्या तोंडाशी उभं राहून जे बघितलं ते असं: जावयानं बाहेरून कुलूप घातलं. आतून हुंदके येऊ लागले. जावई दाराला तोंड लावून म्हणाला, "रडलीस तर दार उघडणार नाही, सांगून ठेवतो." मग बराच वेळ घड्याळ बघत बसला. हुंदके थांबल्यावर आत गेला आणि म्हणाला, "बघ, गप्प बसलीस की भाकरी मिळती का नाही?"

किसनराव डहाळ्यांसकट करमाडला परत गेले.

शनिवारी सुमनची सकाळची शाळा होती. अकराच्या सुमारास मी पायरीवर बसलो होतो, पंधरा मिनिटांचा पहिलाच प्रयोग होता. एवढ्यात गल्लीत सासरे, म्हणजे आमचे अण्णा, दिसले. पांढरा फेटा, हातात काठी, मागं किसनराव आणि भावकीतले तिघं. मला आनंदच झाला. मी उठून नमस्कार केला. अण्णांनी तो घेतला नाही. ते दाराकडं बघत होते. आतून चंद्रीनं लांब सूर लावला होता.

"जावाई, कुलूप काढा," अण्णा म्हणाले. आवाज अगदी खालचा.

मी घड्याळ बघितलं आणि प्रामाणिकपणे सांगितलं, "अण्णा, अजून चार मिनिटं थांबा. रडत असताना उघडलं तर तिला खोड लागंल."

आयुष्यात मी बरीच चुकीची वाक्यं बोललोय, पण त्याच्या जवळपास जाणारं एकही नाही. अण्णांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं त्यांना समजलं नाही, म्हणून मी आणखी समजावलं, की सुरुवातीला फार रडायची, आता पुष्कळ सुधारलीय, डॉक्टरांनीच सांगितलंय. भावकीतल्या एकानं माझ्या हातातली किल्ली काढून घेतली. "सुमे, भिऊ नको," म्हणत अण्णांनी स्वतःच कुलूप काढलं.

चंद्रीनं उडी मारली ती थेट त्यांच्या छातीवर. फेटा एकीकडं, काठी एकीकडं, आणि ती त्यांचं तोंड चाटत सुटली. अण्णा तिला बाजूला सारून दोन्ही खोल्यांत फिरून आले. मोरीतसुद्धा डोकावले. "पोरगी कुठंय?"

पोरगी तेवढ्यात वह्यांचा गठ्ठा घेऊन गल्लीत शिरत होती. बापानं तिच्या दोन्ही दंडांना धरून तिला खालीवर न्याहाळलं आणि भर गल्लीत डोळ्यांना उपरणं लावलं. सगळा उलगडा झाल्यावर सुमन हसून हसून पायरीवरच बसली. अण्णा मात्र हसले नाहीत. ते खाली मान घालून फेटा पुन्हा बांधत राहिले आणि हळूच म्हणाले, "रातभर डोळा लागला नाय बघा." त्यांच्या जागी मी असतो तर किल्लीसाठी थांबलो नसतो.

सगळ्यांसाठी चहा बानूखालांनीच आणला. चंद्री त्यांच्या पायाशी जाऊन बसली. खाला तिला खाजवत म्हणाल्या, "घर के अंदर कुत्ता नै चलता, पन दिनभर मेरे आंगन में बैठने दो की. हम दोनों कू सोबत."

मी म्हटलं, "खाला, हे आधी का नाही सांगितलं?"

"पूछा किसने? मैं समझी तुम्हारा दिमाग फिर गया. ऐसे आदमी कू कौन छेड़ता?"

रजेचा सोमवार अजून शिल्लक होता. सुमन शाळेला गेली, चंद्री शेपटी हलवत समोर गेली, मागं वळूनही न बघता. मी घरात एकटा. पेपर वाचला. पुन्हा वाचला. चहा केला, तो कुणाबरोबर प्यावा ते कळेना. बारापर्यंत कसाबसा काढला आणि मग चपला घालून समोरच्या अंगणात गेलो. खाला पेरूखाली चटईवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. नुसतं चंद्रीला म्हणाल्या, "सरक गे, इनको भी बैठने दे."

चंद्री सरकली नाही. मी कडेला बसलो.