धुण्याच्या दगडापलीकडे

प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देऊन टाकायची मला वाईट सवय आहे. अकोल्याहून फोन आला तेव्हाही तसंच झालं. लोखंडी सांगाड्याची, पत्र्याची, दार-खिडकीसकट तयार होऊन ट्रकवर येणारी खोली मी परसात बसवून घेणार होते. कारखानदार एकेक विचारत होता. जागा सपाट आहे ना, मुरूम टाकला ना, ट्रक मागं घ्यायला वाट आहे ना, वरून विजेची तार जात नाही ना, आणि खाली एखादी टाकी-बिकी...

"काही नाही. तुम्ही पाठवा," मी म्हटलं.

खोली मला शिलाईसाठी हवी होती. अमरावतीतलं आमचं घर लहान. माझी दोन्ही मशीनं बैठकीत आणि तिथंच सासऱ्यांची खाट. दुपारी ते जरा आडवे झाले की माझी खडखड सुरू व्हायची. ते कधी बोलले नाहीत, फक्त कूस बदलायचे. त्यांच्या त्या न बोलण्याचाच मला राग यायचा.

सासरे एसटीत ड्रायव्हर होते. आता दरवर्षी आठेक दिवस गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात सेवेला जाऊन राहतात. परसातलं जामाचं, म्हणजे पेरूचं, झाड तोडू देणार नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी त्यांच्या मोझरीच्या दिवसांचीच वाट पाहिली. ते बसमध्ये बसले आणि इकडे कुऱ्हाड चालली. झाड मुळासकट काढलं. सासूबाईंच्या वेळचा धुण्याचा दगड तीन मजुरांनी लोटत फाटकापाशी नेला. मग ट्रॉलीभर मुरूम पसरला, पाणी मारलं आणि धुमसानं ठोकायला लावला. ठोकता ठोकता एक मजूर थांबला.

"बाई, इथचा आवाज येगळा येऊन रायला."

"काळी जमीन हाय ना बापा, भेगा असतीन. ठोक तू," मी म्हटलं. त्यानं ठोकलं.

खोली यायच्या आदल्या संध्याकाळी सासरे परतले. खांद्यावरची पिशवीही न उतरवता परसात गेले. "जाम तोडला?" एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणून मी भांडणाच्या तयारीत उभी राहिले, तर ते मुरुमावर पावलं टाकत फिरू लागले. चार पावलं जायचे, थांबायचे, मागं यायचे, पुन्हा निघायचे. म्हटलं, बसा फुगून, आणि मी स्वयंपाकाला लागले.

सकाळी ट्रक ड्रायव्हरचा फोन आला की अकोल्याहून निघालो. मुरमानं माखलेल्या साड्या बादलीत घेऊन मी परसात गेले, सवयीनं धुवायला वाकले, आणि वाकलेलीच राहिले. दगड नव्हता. लग्न होऊन आले त्या महिन्यातली गोष्ट एकदम आठवली. ओल्या साड्या घेऊन मी दगड ओलांडत होते आणि सासूबाई आतून ओरडल्या होत्या, "त्या गोट्याच्या पल्याड पाय नोको देजो! खाली टाकी हाय!"

घरातल्या पहिल्या संडासाची टाकी ती. पुढच्या अंगणात नवी बांधली तेव्हा हिच्यावर फरशा टाकून माती लोटली होती. आज बुजवू, उद्या बुजवू करता करता ती तशीच पोकळ राहिली. सासूबाई गेल्या. दगडाच्या पलीकडे न जाण्याची सवय मला राहिली आणि कारण मी साफ विसरले.

बादली तिथंच ठेवली. दगड नेमका कुठं होता तेही सांगता येईना, जिकडे पाहावं तिकडे सारखाच लाल मुरूम. ड्रायव्हरला फोन लावला, तो उचलेना. नवरा अंजनगावला कामावर होता. त्याला लावला तर म्हणाला, "बाबाले इचार ना." तेच तर मला करायचं नव्हतं. त्यांच्या माघारी झाड तोडणारी मी, आता कोणत्या तोंडानं विचारू? लोखंडी सब्बल घेऊन दोन-तीन ठिकाणी टोचून पाहिलं, पण ठोकलेल्या मुरमात माझ्या हातानं ती वीतभरही शिरेना. तीन मजुरांनी धुमस आपटला तरी फरशी टिकली, ट्रकखालीही टिकेल, असं मी स्वतःला समजावत होते. मग ट्रकचं वजन आठवायचं आणि मी पुन्हा सब्बल उचलायचे.

ट्रक आला. अख्खी खोली पाठीवर, खाली उतरवायची क्रेनही त्यावरच. मी तोंड उघडणार, तोच सासरे टोपी घालून बाहेर आले आणि ट्रकच्या मागं जाऊन उभे राहिले. "येऊ दे, येऊ दे," हात हलवत ते ड्रायव्हरला सांगू लागले. मी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट धरून उभी. परसाच्या मध्यावर त्यांनी हात आडवा केला. "बस!"

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "काकाजी, सरका बाजूले. अजून दहा फूट मांगं घ्या लागते."

"नाही. इथंच."

"घाबरू नका, हळूच घेतो." ट्रक आणखी थोडा मागं आला. सासरे जागचे हलले नाहीत. चाक आणि ते यांच्यात दोन हात अंतर उरलं असेल.

"मामाजी, सरका! खाली टाकी हाय!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले.

ब्रेक लागला. सासऱ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. आवाज नेहमीसारखाच.

"मले मालूम हाय. टाकी माह्या मांगं हाय. गोटा तं तू हालवला, मंग मीच उभा रायलो."

मला रडूच फुटलं. ड्रायव्हर खाली उतरला, सब्बल घेऊन त्यांच्या मागं गेला आणि जोर लावून ठोकू लागला. जमीन भरीव. डावीकडे ठोकलं, भरीव. मग त्यांच्या पायाशेजारी एक घाव घातला आणि फरशी फुटून सब्बल त्याच्या मुठीपर्यंत आत गेली. त्यानं सासऱ्यांना कवेत धरून बाजूला ओढलं.

खोली त्या दिवशी फाटकापाशीच उतरवली. संध्याकाळी सासरे त्या दगडावर बसले होते. मी चहा घेऊन गेले.

"सात पावलं होती जामापासून," ते म्हणाले. "जाम असता तं चुकलो नसतो."

कपबशी त्यांच्या हातात दिली, तर अर्धा चहा बशीत सांडला. मी कप काढून घेतला आणि ते बशीतूनच प्यायले.